स्पितीला सप्टेंबरात आईला घेऊन जायचंय, मदत हवी आहे

मंडळी, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हिमाचलातलं स्पिती ठरतंय. बरोबर आई, वय ६८, बीपीची गोळी चालू, पण पायाने ठणठणीत. मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे गेलं तर एकदम साडेचार हजार मीटर उंची, म्हणून तो रस्ता बाद. शिमला, सांगला, नाको असं चढत ताबोला पोचायचं. डॉक्टरांना विचारणार आहेच, मला तिथे जाऊन आलेल्यांचं ऐकायचंय.

आईचा जीव ताबोत अडकलाय. इ.स. ९९६ चा गोंपा (बौद्ध मठ), बाहेरून नुसता मातीचा, आत भिंतभर चित्रं. फोटोला बंदी आहे आणि आत अंधार असतो म्हणतात. मग टॉर्च चालते का? सकाळच्या प्रार्थनेला बाहेरच्यांना बसू देतात का?

धनकरचा जुना गोंपा कड्यावर लटकलाय, तिथे गाडी कुठवर जाते आणि पुढे पायऱ्या किती अवघड? काझाहून की गोंपा आणि लांगझा, हिक्किम, कोमिक ही गावं एका दिवसात सगळे उरकतात. मला ते पटत नाही (हिक्किमच्या पोस्टातून पत्र टाकायचंच आहे, ते सोडा). त्यापेक्षा पिन खोऱ्यात मुद गावाला दोन रात्री राहावं का? तिथल्या होमस्टेत शौचालय कोरडं, खड्ड्याचं असतं की कमोड मिळतो? आईच्या गुडघ्यांसाठी हे आधी कळायला हवं.

आणि रेकाँग पिओहून काझाची सरकारी बस ज्येष्ठांना झेपते, की गाडीच करावी?