मोलिब्डेनम-सिलिकॉन आरसा: प्रत्येक शिखरावरून पिरियड वेगळा का येतो?

जळगाव_थिनफिल्म
राम राम मंडळी. १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा (अतिलघु अतिनील) प्रकाश परावर्तित करणाऱ्या आरशासाठी मॅग्नेट्रॉन स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने धातूच्या चकतीतले, म्हणजे टार्गेटमधले अणू उडवून थर चढवणं) मोलिब्डेनम-सिलिकॉनच्या ४० जोड्या चढवल्या आहेत. पिरियड (एका जोडीची एकूण जाडी) ७.० नॅनोमीटर धरला होता. कॉपर के-अल्फा एक्स-रेंवर (तांब्याच्या ठरावीक तरंगलांबीवर) परावर्तन घेतलं तर २ थीटाची (पडत्या कोनाच्या दुप्पट कोनाची) शिखरं १.४२, २.६० आणि ३.८४ अंशांवर आली. ब्रॅगच्या सूत्राने (शिखराच्या कोनावरून थरांचं अंतर देणाऱ्या) पिरियड अनुक्रमे ६.२, ६.८ आणि ६.९ नॅनोमीटर निघतात. खरा आकडा कोणता? शिवाय दुपारी केलेल्या सँपलची वरच्या क्रमांकाची शिखरं पसरट येतात. नमुना इंदूरला इंडस-१ या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र प्रकाश देणाऱ्या यंत्रावर) न्यायचा आहे, त्याआधी काय तपासू?

तापीकाठ
भाऊ, तिन्ही आकडे बाजूला ठेवा. इतक्या लहान कोनात अपवर्तन धरावंच लागतं. साइन थीटाचा वर्ग उभ्या अक्षावर आणि शिखराच्या क्रमांकाचा वर्ग आडव्या अक्षावर मांडा, सरळ रेषा मिळेल. तिचा चढ म्हणजे तरंगलांबीचा वर्ग भागिले पिरियडच्या वर्गाची चौपट. तुमच्या शिखरांवरून ७.० च येतो. रेषा उभ्या अक्षाला सुमारे ०.००००३ वर छेदते, तो अपवर्तनाचा वाटा. पहिल्या शिखरावर तो सर्वात जास्त भोवतो. कोनाचा शून्य ०.०१ अंशाने जरी चुकला तरी झळ पहिल्यालाच बसते, म्हणून सँपल नीट अलाइन करा.

मोलिब्डेनमचा वाटा पिरियडच्या ०.४ असेल तर पाचवं शिखर जवळपास दिसत नाही. दिसलं तर जाड्यांचं प्रमाण हललं आहे.

धुळे_व्हॅक्यूम
पसरट शिखरं म्हणजे वरच्या आणि खालच्या जोड्यांचा पिरियड एकसारखा नाही. शिखर रुंद न होता नुसतं बसकं झालं असतं तर खडबडीतपणाकडे बोट दाखवलं असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा टार्गेटच्या थंड पाण्याचं तापमान आधी बघा. शटर ठरावीक वेळ मोजून उघड-बंद होत असेल तर थर चढण्याचा दर सरकला की जाडीही तेवढीच सरकते. पिरियडमध्ये १ टक्का फरक पडला तर १३.५ चं परावर्तनाचं शिखर ०.१३ नॅनोमीटरने हलतं, आणि या आरशाचा पट्टा जेमतेम अर्धा नॅनोमीटर रुंद असतो. पॉवर सप्लाय स्थिर वॉटेजवर ठेवा, शटर बंद ठेवून टार्गेट आधी तापू द्या, आणि व्होल्टेज प्रत्येक थराला नोंदवा.

दर वेगळ्या जाड फिल्मवरून काढू नका. सीमेवर सिलिसाइड (मोलिब्डेनम-सिलिकॉनचं संयुग) बनतं आणि जाडी आक्रसते, त्यामुळे दोन थरांच्या जाड्यांची बेरीज खऱ्या पिरियडपेक्षा जास्त भरते. सिलिकॉनचा वेळ तोच ठेवून मोलिब्डेनमचा वेळ बदललेले दोन-तीन बहुथर करा आणि पिरियडच्या फरकावरून दर काढा.

आर्गॉन ०.१ पास्कलच्या आसपास ठेवा. दाब वाढला की अणू वाटेत धडकून ऊर्जा गमावतात आणि थर खडबडीत वाढतो. याची किंमत मोठी आहे: आदर्श परावर्तन ७५ टक्के धरलं, तर सीमेचा खडबडीतपणा ०.३ नॅनोमीटर असताना ७० उरतात, ०.७ झाला की ५०. मोलिब्डेनम सिलिकॉनवर बसतो ती सीमा सुमारे १ नॅनोमीटर मिसळते, उलट बाजूची साधारण निम्मी. बोरॉन कार्बाइडचा ०.३-०.४ नॅनोमीटरचा अडसर आधी तिथे घाला.

जळगाव_थिनफिल्म
रेषा मांडली, चढावरून ७.० च आला. दादा, इंडस-१ वर नको असलेला प्रकाश अडवायला फिल्टर ॲल्युमिनियमचा चालेल का?

तापीकाठ
नाही. ॲल्युमिनियमची शोषणकडा १७.१ नॅनोमीटरला आहे, त्याहून कमी तरंगलांबीचा प्रकाश तो गिळतो. १३.५ साठी झिर्कोनियम घ्या. २०० नॅनोमीटरचा पडदा साधारण निम्मा प्रकाश सोडतो. अंधारात मागे तेजस्वी दिवा धरून सूक्ष्म छिद्रं शोधा. एका छिद्रातून शिरलेला दृश्य प्रकाश फोटोडायोडला फसवतो आणि परावर्तन खोटं वाढलेलं दिसतं. पडदा कडेच्या चौकटीनेच धरा. चेंबर उपसताना व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा, दोन्ही बाजूंचा दाब बरोबरीने उतरू द्या, नाहीतर फाटतो.