‘कॅप्टन सांता’ म्हणून त्याचे गोडवे किती दिवस गायचे?

सागरवेडा:
२३ नोव्हेंबर १९१२ला मिशिगन सरोवरात ‘राउझ सिमन्स’ हे तीन डोलकाठ्यांचं लाकडी गलबत वादळात बुडालं. आदल्या दिवशी थॉम्पसन बंदरातून ख्रिसमसची हजारो झाडं भरून ते शिकागोला निघालं होतं. कुणीही वाचलं नाही. कप्तान हर्मन श्यूनेमानला लोक आजही लाडानं ‘कॅप्टन सांता’ म्हणतात. मला ते पटत नाही.

गलबत १८६८ सालचं, म्हणजे ४४ वर्षांचं जुनं. पोटात झाडं, डेकवरही झाडं. अशा थंडीत लाटेचं पाणी फांदीफांदीवर गोठतं, वरचं वजन वाढत जातं आणि कललेलं गलबत सावरत नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं? १८९८च्या नोव्हेंबरात त्याचा सख्खा भाऊ ऑगस्ट अशीच झाडं आणताना याच सरोवरात बुडाला होता. तरी हा निघाला.

मेघा_शिकागो:
किनाऱ्यावर बसून हिशेब मांडणं सोपं आहे हो. क्लार्क स्ट्रीटच्या पुलाशी गलबत लागायचं आणि लोक थेट तिथूनच झाड घेऊन जायचे, ५० सेंटपासून एक डॉलरपर्यंत. मधे दलाल नाही, म्हणून परवडायचं. हा धंदाच नोव्हेंबरअखेरचा, झाडं काय जुलैत न्यायची? नवरा गेल्यावरही बार्बरा आणि मुलींनी झाडं विकणं सोडलं नाही.

त्याच्या आठवणीत आजही डिसेंबरात कोस्ट गार्डचं ‘मॅकिनॉ’ जहाज गरजू कुटुंबांसाठी झाडं घेऊन शिकागोच्या नेव्ही पिअर धक्क्याला येतं. एकदा लेकाला घेऊन गेले होते. बोटं गारठून बधिर झाली होती, पण झाडं उतरायला लागली तसा ओल्या राळेचा वास धक्काभर पसरला. त्या माणसाला हट्टी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मुरुडकर:
मेघाताई, भावना कळते. पण आमच्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. घरात पैशाची कितीही ओढाताण असो, नाही म्हणजे नाही. तांडेलानं स्वतःचा जीव पणाला लावावा, खलाशांचा का?

जुनी_जहाजं:
सगळं खापर बोजावर फोडू नका. १९७१मध्ये पाणबुड्या केंट बेलरिचर्डला हे गलबत सुमारे १६५ फुटांवर सापडलं, तळावर सरळ बसलेलं, पोटात झाडं तशीच. सुकाणूचं चाक मात्र १९९९मध्ये बरंच लांब मिळालं. ते आधीच तुटून पडलं असावं. चाक गेल्यावर कसलेला कप्तान तरी काय करणार?

किनाऱ्यावरच्या किवॉनी बचाव ठाण्याला गलबत दिसलं होतं, संकटाची खूण म्हणून झेंडा अर्ध्यावर उतरवलेला. त्यांच्याकडे मोटरबोट नव्हती. टू रिव्हर्स गावच्या ठाण्याला फोन गेला, तिथली बोट निघालीही, पण तोवर गलबत दिसेनासं झालं. हेही कप्तानाच्याच माथी मारणार?

सागरवेडा:
चाकाचं मान्य, मोटरबोटीचंही. पण निघायचं की थांबायचं हे थॉम्पसनच्या धक्क्यावर ठरलं, आणि ते त्यानंच ठरवलं.

१९२४मध्ये मासेमारीच्या जाळ्यात त्याचं पाकीट आलं. मेणकापडात नीट गुंडाळलेलं, आतले कागद शाबूत. गलबतावर माणसं किती होती याची मात्र धड यादी नाही. कुणी डझनभर म्हणतं, कुणी त्याहून बरीच जास्त. झाडं तोडायला गेलेले काही मजूर सणासाठी घरी निघाले होते, तेही त्यात होते असं सांगतात. मेघाताई, नेव्ही पिअरवर त्या मजुरांचं नाव कुणी घेतं का?