मदत हवी आहे: ग्रीनवेला लागून घर घ्यावं का? (कॅरी, नॉर्थ कॅरोलिना)

नमस्कार मंडळी. कॅरीत एक घर पसंत पडलंय. मागच्या कुंपणापासून जेमतेम पंधरा पावलांवर व्हाइट ओक क्रीक ग्रीनवे, म्हणजे ओढ्याकाठची चालण्या-सायकलींची सार्वजनिक वाट. तोच पुढे अमेरिकन टोबॅको ट्रेलला मिळतो, म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावरची सुमारे 22 मैलांची वाट. मुलं सायकलींवरून हरखलीत, मी मात्र साशंक.

शनिवारी सकाळी डेकवर उभे होतो, तर कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी खालूनच 'गुड मॉर्निंग' ठोकलं. बायकोची तुळस नेमकी तिथेच येणार. रोजच्या पूजेला प्रेक्षक! आत्ता निदान झाडी आहे, पानगळीनंतर तर सगळंच उघडं.

एजंट म्हणतो, विकताना भाव चांगला येईल. तो म्हणणारच. मला खरी धास्ती ओढ्याची. वादळी पावसात पाणी कुठपर्यंत चढतं? पुराचा विमा घ्यावा लागला का कुणाला? शिवाय कागदांत मागच्या पट्ट्यावर ईझमेंट (आपल्या जागेवर दुसऱ्याचा वापराचा हक्क) दिसतंय. तिथे उंच कुंपण किंवा झाडं लावू देतात, की एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) आडवी येते?

ग्रीनवेलगत पाच-सात वर्षं काढलेलं कुणी आहे का इथे? रात्रीची वर्दळ, चोऱ्यामाऱ्या, जे असेल ते स्पष्ट सांगा. शुक्रवारपर्यंत ऑफर द्यायचीय.