आकडे पक्के होईपर्यंत हवामानबदलावरचे निर्णय लांबणीवर टाकावेत का?

प्रश्न

हवामानबदल होतो आहे आणि तो मुख्यतः कोळसा, तेल व वायू जाळल्यामुळे होतो आहे, याबद्दल मला शंका नाही. माझी अडचण पुढची आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल, याचा अमेरिकी शास्त्रज्ञांच्या १९७९ च्या चार्नी अहवालातला अंदाज १.५ ते ४.५ अंश सेल्सिअस होता, आणि आयपीसीसीच्या (हवामानबदलाच्या अभ्यासाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या) २०१३ च्या अहवालातही तोच पल्ला कायम राहिला. इतक्या अभ्यासानंतरही उत्तर एवढे सैल असेल, तर अवाढव्य खर्चाचे निर्णय आणखी दहा-वीस वर्षांनी घेणे शहाणपणाचे ठरणार नाही का?

प्रतिसाद १

आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात हा पल्ला २.५ ते ४ अंशांवर आला, हे आधी नोंदवतो. यात खालचे टोक वरच्यापेक्षा अधिक सरकले आहे. म्हणजे 'कदाचित फारसे काही होणार नाही' या आशेलाच अधिक कात्री लागली.

पण पल्ला आजही रुंद असता, तरी थांबण्याच्या बाजूने तो पुरावा ठरला नसता. अंदाज दोन्ही बाजूंना चुकू शकतो हे खरे. मात्र त्या दोन चुकांची किंमत सारखी नाही. तापमानवाढ कमी निघाली तर आपण थोडा जास्त खर्च केला असे होईल आणि पुढचा वेग कमी करता येईल. ती जास्त निघाली तर माघारी फिरण्याची वाट उरत नाही, कारण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शेकडो वर्षे आणि काही भाग हजारो वर्षे हवेत राहतो. ग्रीनलंडवरचा बर्फ संपूर्ण वितळल्यास जगभरच्या समुद्राची पातळी सुमारे ७ मीटरने वाढेल. त्याला शतकानुशतके लागतील हे मान्य, पण ती प्रक्रिया एकदा पुढे गेली की उत्सर्जन थांबवून बर्फ परत येत नाही.

शिवाय थांबणे म्हणजे काहीच न करणे नव्हे. आज उभारलेले कोळशाचे वीजकेंद्र तीस-चाळीस वर्षे चालते, त्यामुळे 'नंतर बघू' म्हणतानाही आपण पुढच्या पिढीच्या वतीने एक निर्णय घेतच असतो.

प्रतिसाद २

वरच्या मताशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी खात्री होण्याआधीच धोका टाळायला पावले उचलावीत हे सावधगिरीचे तत्त्व वाटेल तसे ताणता येते, ही भीतीही मांडायला हवी. वातावरणाच्या वरच्या थरात गंधकाचे कण फवारून पृथ्वी थंड ठेवण्याचा प्रस्ताव आहे. त्याचे समर्थक आणि विरोधक दोघेही सावधगिरीचाच दाखला देतात. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेतल्या रिओ जाहीरनाम्यातील (१९९२) पंधराव्या तत्त्वाची शब्दरचना मला महत्त्वाची वाटते. गंभीर किंवा अपरिवर्तनीय हानीचा धोका असेल, तेव्हा पूर्ण वैज्ञानिक खात्री नसल्याचे कारण देऊन खर्चाच्या मानाने परिणामकारक उपाय पुढे ढकलू नयेत, असे ते म्हणते. धोका गंभीर हवा आणि उपाय परवडणारा हवा, या दोन्ही अटी त्यात आहेत. ज्यांना आजही पुरेशी वीज मिळत नाही त्यांच्यावर भार टाकणारा उपाय या कसोटीवर उतरतो असे मला वाटत नाही.

प्रतिसाद ३

ओझोनचे उदाहरण येथे लागू पडते. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये ओझोनचा थर नष्ट करणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन या रसायनांबद्दल इशारा दिला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट प्रसिद्ध झाली आणि सप्टेंबर १९८७ मध्ये या रसायनांवर बंधने घालणाऱ्या माँट्रियल करारावर सह्या झाल्या. त्या घटीच्या कारणाचे निर्णायक पुरावे तेव्हा नुकतेच गोळा होत होते. करारातच ठरावीक काळाने फेरआढावा घेण्याची तरतूद असल्यामुळे सुरुवातीची माफक बंधने १९९० मध्ये लंडनला आणि १९९२ मध्ये कोपनहेगनला कडक करता आली. कोळसा-तेलाची व्याप्ती कितीतरी मोठी असल्याने हवामानाचे काम अधिक अवघड आहे, पण आधी सुरुवात करून माहिती येईल तशी दुरुस्ती करण्याची रीत तीच आहे.

प्रश्नकर्ता

दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत सारखी नसते, हा मुद्दा मला पटला. मग अंदाजाच्या खालच्या टोकालाही फायद्याचा ठरेल असा पहिला उपाय कोणता?

प्रतिसाद २

माझ्या मते मिथेनची गळती रोखणे. तापमान वाढवणारा हा वायू हवेत साधारण बारा वर्षेच टिकतो, त्यामुळे गळती घटल्याचा परिणाम लवकर दिसतो. आणि तेल-वायूच्या विहिरींतून व वाहिन्यांतून निसटणारा मिथेन हे विकता येणारे इंधन असल्याने दुरुस्तीच्या खर्चाचा काही भाग तिथेच भरून निघतो.