‘टोटॅलिटेरियन’ हा शब्द मुळात कोणी आणि कशासाठी वापरला?

प्रश्न
हुकूमशाही, एकाधिकारशाही आणि सर्वंकषवाद हे शब्द वर्तमानपत्रांतून सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ‘टोटॅलिटेरियनिझम’साठी सर्वंकषवाद हा शब्द योजलेला आहे, एवढे ठाऊक आहे, पण सोव्हिएत रशियाला हिटलरच्या पंक्तीत बसवण्यासाठी शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी अभ्यासकांनी ही संज्ञा घडवली, असे अलीकडेच एका चर्चेत ऐकले. ते खरे आहे का? आणि साध्या हुकूमशाहीहून तिचा अर्थ कशाने वेगळा ठरतो?

प्रतिसाद १
शीतयुद्धाने ती रूढ केली. घडवली मात्र इटलीत, आणि निमित्त होते स्थानिक निवडणुकांचे. त्या निवडणुकांत उमेदवारांच्या बहुमत मिळवणाऱ्या यादीला मोठा वाटा मिळे व काही जागा अल्पमतातल्या यादीकडे जात. मुसोलिनीच्या फॅसिस्टांनी दोन्ही याद्या आपल्याच उभ्या करण्याची युक्ती काढली, म्हणजे सत्ताधारीही तेच आणि विरोधकही तेच. उदारमतवादी राजकारणी व पत्रकार जोव्हान्नी आमेंदोला यांनी १२ मे १९२३ रोजी ‘इल मोंदो’ या दैनिकात या प्रकाराला ‘सिस्तेमा तोतालितारिओ’, म्हणजे सगळेच बळकावणारी पद्धत, असे नाव दिले. त्याचे नाम, ‘तोतालितारिझ्मो’, जानेवारी १९२५ मध्ये समाजवादी लेलिओ बास्सो यांच्या लेखात आढळते. दोघेही फॅसिझमचे विरोधक. तेव्हा हा शब्द जन्माला आला तो आरोप म्हणून.

पुढे जे घडले ते राजकीय शब्दांच्या इतिहासात क्वचितच घडते. ज्याच्यावर आरोप झाला त्यानेच तो बिरुदासारखा मिरवला. जून १९२५ मधील भाषणात मुसोलिनीने आपल्या ‘उग्र सर्वंकष इच्छाशक्ती’चा अभिमानाने उल्लेख केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिलानमध्ये सर्व काही राज्यसंस्थेत, तिच्याबाहेर काही नाही, तिच्याविरुद्ध काही नाही, हे सूत्र मांडले. १९३२ मध्ये इटालियन विश्वकोशातील फॅसिझमवरील नोंदीत हीच कल्पना तत्त्वज्ञ जोव्हान्नी जेंतीले यांच्या साहाय्याने सिद्धान्त म्हणून आली. आमेंदोला यांना मात्र जुलै १९२५ मध्ये फॅसिस्टांनी बेदम मारहाण केली आणि एप्रिल १९२६ मध्ये फ्रान्समधील कान येथे त्यांचे निधन झाले.

प्रतिसाद २
अर्थाच्या प्रश्नाकडे वळतो. साध्या हुकूमशहाला प्रजेने गप्प बसणे पुरते. सर्वंकष सत्तेला ते पुरत नाही, तिला प्रजेने मिरवणुकीत चालावे, घोषणा द्याव्यात आणि मनातूनही पटवून घ्यावे, असे हवे असते. हा भेद स्पॅनिश समाजशास्त्रज्ञ हुआन लिंझ यांनी १९६४ मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनवरून मांडला: तेथे दडपशाही होती, पण चर्च, लष्कर, राजेशाहीवादी अशा गटांना मर्यादित का होईना वाव होता आणि जनतेला सतत पेटते ठेवण्याची राजवटीला गरज वाटत नव्हती.

गंमत अशी की, या कसोटीवर खुद्द इटली काठावरच राहते. राजकीय विचारवंत हॅना आरेंट यांनी १९५१ मध्ये नाझी जर्मनी व स्टालिनचा रशिया हीच खरी उदाहरणे धरली. इटलीत राजा शिल्लक होता, पोपशी झालेल्या १९२९ च्या करारानंतर पोपचे स्थानही पक्के झाले होते. आणि २५ जुलै १९४३ रोजी त्याच राजाने मुसोलिनीला पदावरून काढले. हिटलरला काढू शकेल असे पद जर्मनीत उरलेच नव्हते.

प्रतिसाद ३
थोडे विषयांतर, पण मराठी शब्दाबद्दल. ‘सर्वंकष’ आपण हल्ली ‘सर्वंकष विकास आराखडा’ अशा कौतुकाच्या अर्थानेच वाचतो, त्यामुळे ‘सर्वंकषवाद’ अनेकांना निरुपद्रवी वाटतो. मूळ संस्कृत धातू ‘कष्’ म्हणजे घासणे, खरवडणे. ‘निकष’ हा शब्दही त्यातलाच. सगळे घासून काढणारी ती सर्वंकष, हा अर्थ ध्यानात घेतला तर भाषांतर मूळ इटालियन शब्दाहूनही नेमके आहे, असे माझे मत आहे.