आयबीएस आणि आतड्यातले जीवाणू : कुठली तपासणी करायची, कुठली नाही?

माटुंगा_पूर्व
बहिणीला गेल्या पावसाळ्यात जोराचा गॅस्ट्रो झाला. तो बरा झाला, पण पोट काही ताळ्यावर आलं नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस कळ येऊन पातळ होतं, झालं की बरं वाटतं. वजन घटलेलं नाही, रक्त नाही, रात्री झोपेतून उठावं लागत नाही. सीबीसी, सीआरपी, थायरॉइड नॉर्मल, मलातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) २८, म्हणजे नॉर्मल. डॉक्टरांनी जुलाबाच्या प्रकारचा आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासण्यांत काही न सापडता पोटाची कळ आणि शौचाची तक्रार राहते तो विकार) सांगितलाय. एक लॅब घरून मलाचा नमुना नेऊन 'मायक्रोबायोम'चा (आतड्यातल्या जीवाणूंचा) जाडजूड रिपोर्ट देते. तो करावा, की श्वासाची हायड्रोजन टेस्ट? आणि कांदा-लसूण बंद करा म्हणतात, ते आमच्या घरात जमायचं कसं?

आंत्रपुराण
मायक्रोबायोम रिपोर्ट नको, पैसे वाचवा. आयबीएसवाल्यांचे जीवाणू आणि इतरांचे जीवाणू गटागटाने तपासले तर फरक दिसतो, उदाहरणार्थ बिफिडोबॅक्टेरिया हे उपयोगी जीवाणू कमी. पण एकट्या माणसाचा रिपोर्ट बघून त्याला आयबीएस आहे की नाही हे ठरत नाही, कारण 'निरोगी' जीवाणूंचं ठरलेलं प्रमाणच नाही. शिवाय मलात दिसतो तो मुख्यतः मोठ्या आतड्यातला मामला. लहान आतड्यातलं त्यातून फारसं कळत नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हा संसर्गानंतरचा आयबीएस वाटतो. गॅस्ट्रोनंतर साधारण दहात एकाला होतो. कॅनडात वॉकर्टन गावच्या पिण्याच्या पाण्यात मे २००० मध्ये ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर शिरले. तिथल्या लोकांचा पुढे आठ वर्षं पाठपुरावा झाला आणि हा संबंध ठळक दिसला. जंतू निघून जातो, पण अस्तरातल्या मास्ट पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) आणि नसा चेतलेल्या राहतात. मग जेवढा गॅस दुसऱ्याला जाणवतही नाही, तेवढ्याने इथे कळ येते. बऱ्याच जणांचा त्रास काही वर्षांत ओसरतो.

दोन तपासण्या राहिल्यात. सिलिअ‍ॅकसाठी (गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडतं तो आजार) टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी, सोबत एकूण आयजीए. ही गहू बंद करण्याआधी करा. चपाती-पाव सोडून महिना-दोन महिने झाले की खरा सिलिअ‍ॅकसुद्धा निगेटिव्ह येऊ शकतो. दुसरी, जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीची मलातली अँटिजेन टेस्ट; सूक्ष्मदर्शकाखाली तो बरेचदा निसटतो. आणि रिपोर्ट नसताना 'आव असेल' म्हणून दर थोड्या दिवसांनी मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक घेण्याची आपल्याकडची सवय मोडा. त्यात आधीच विस्कटलेले जीवाणू आणखी विस्कटतात.

फुंकर
श्वासाच्या टेस्टबद्दल. लहान आतड्यात जीवाणू वाढलेत का, हे ती बघते. पाण्यातून ७५ ग्रॅम ग्लुकोज किंवा १० ग्रॅम लॅक्टुलोज (न पचणारी साखर) देतात आणि ठरावीक मिनिटांनी फुंकायला लावतात. पहिल्या ९० मिनिटांत हायड्रोजन सुरुवातीपेक्षा २० पीपीएमने (दहा लाख भागांत २०) चढला तर पॉझिटिव्ह. मिथेन कधीही १० पीपीएम किंवा जास्त आला तर तोही मोजतात, पण त्याचं नातं बद्धकोष्ठाशी आहे. (तो बनवणारा जीव जीवाणू नव्हेच, आर्किया गटातला आहे.)

गोची अशी की जुलाबवाल्यांत लॅक्टुलोज ९० मिनिटांच्या आतच मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जीवाणू गॅस करतात आणि रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येतो. बहिणीला ग्लुकोजचीच टेस्ट मागा. आधी चार आठवडे अँटिबायोटिक नको. आदल्या दिवशी नुसता भात, अंडं, मासे. डाळ, उसळ, दूध नाही. मग रात्रभर उपाशी. आणि सकाळी लोकल पकडायला धावत येऊ नका, व्यायामानेही आकडे हलतात.

पॉझिटिव्ह आली तर रिफॅक्सिमिन हे अँटिबायोटिक, ५५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १४ दिवस, अर्थात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. अमेरिकेत ते जुलाबाच्या आयबीएससाठी २०१५ मध्ये मंजूर झालं, तेही ब्रेथ टेस्टची अट न घालता. मोठ्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांना आराम पडला, नुसत्या प्लासिबोवर (औषध नसलेल्या गोळीवर) ३२ टक्क्यांना. म्हणजे उपयोग आहे, जादू नाही.

नाचणीची_भाकरी
ताई, स्वयंपाकाचं मी सांगते. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाचा लो-फॉडमॅप आहार. ज्या साखरा लहान आतड्यात शोषल्या जात नाहीत आणि जीवाणू आंबवतात, त्या चार-सहा आठवडे कमी करायच्या.

कांदा-लसणातलं फ्रुक्टान (अशीच एक साखर) पाण्यात उतरतं, तेलात नाही. म्हणून फोडणीच्या तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या परता, काढून टाका, मग भाजी घाला. तेल त्याच दिवशी संपवा, साठवू नका. आमटीत अख्खा कांदा उकळून नंतर उचलला तर उपयोग शून्य, जे उतरायचं ते रश्श्यात उतरलेलं असतं. कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग चालतो. बांधानी हिंगात मैदा असतो, पण चिमूटभराने बिघडत नाही. कांदेपोह्यांचे बटाटेपोहे करा. भाकरी ज्वारी, नाचणी, तांदळाची. मासे, अंडी, तूप बिनधास्त. फ्लॉवर, सफरचंद, आंबा, कलिंगड तूर्तास नाही. डाळ भिजवून ते पाणी फेका, नव्या पाण्यात शिजवा आणि वाटी लहान ठेवा.

लोक चुकतात ते इथून पुढे: बरं वाटलं की तिथेच थांबतात. फ्रुक्टान आणि डाळीतल्या साखरा हेच बिफिडोबॅक्टेरियाचं खाणं. कायमचं तोडलं तर तेच घटतात. सहा आठवड्यांनंतर एकेक गट परत आणा. दूध घ्या : पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी पूर्ण. मग दोन-तीन दिवस थांबून पुढचा गट. ज्याने त्रास होत नाही ते परत ताटात.

माटुंगा_पूर्व
खूप आभार. टीटीजी याच आठवड्यात करतो. प्रोबायोटिक आणि इसबगोलचं काय?

आंत्रपुराण
प्रोबायोटिकवर मार्गदर्शक तत्त्वांतच मतभेद आहेत. २०२१ मध्ये अमेरिकन पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नको म्हटलं. त्याच वर्षी ब्रिटिशांनी सांगितलं की १२ आठवड्यांपर्यंत घेऊन बघा, फरक नसेल तर बंद करा. घ्यायचंच तर एकच घ्या, आणि आहार बदलतानाच नको, नाहीतर गुण कशाचा आला ते कळणार नाही. पाकिटावर 'एफओएस' किंवा 'इन्युलिन' लिहिलंय का बघा. ते फ्रुक्टानच, कांदा दारातून घालवून सॅशेतून आत.

इसबगोल पातळ शौचालाही चालतं. रोज एक चहाचा चमचा, ग्लासभर पाण्यात, फुगायच्या आत प्यायचं. आठवड्याने हळूहळू वाढवा. गव्हाचा कोंडा मात्र नको, त्याने पोट जास्त फुगतं.