मदत हवी आहे: व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू झाला की मॉडबसवरचे (मीटर वाचायचा प्रोटोकॉल) मीटर गळतात

१२ एनर्जी मीटर एकाच आरएस-४८५ लाइनवर (दोन तारांची डेटा लाइन) आहेत, वेग ९६०० बॉड, इव्हन पॅरिटी (चूक ओळखायची खूण). गेटवे (मीटर आणि सर्व्हर यांना जोडणारा डबा) दर सेकंदाला सगळे वाचून एमक्यूटीटीने (संदेश पाठवायचा प्रोटोकॉल) सर्व्हरला पाठवतो. व्हीएफडी चालू झाला की शेवटचे दोन-तीन मीटर टाइमआउट देतात (ठरलेल्या वेळेत उत्तर येत नाही). एका मीटरचा व्होल्टेज सर्व्हरवर कायम शून्य, डिस्प्लेवर मात्र २३०. शिवाय नेटवर्क जाऊन आलं की मधला सगळा डेटा एकाच वेळेवर नोंदला जातो. केबलची शील्ड (तारांवरचं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना अर्थ केली आहे, प्रत्येक पॅनलला मुख्य केबलच्या मधून फांदी काढली आहे.

उत्तर १
आधी फांद्या काढा. केबल एका मीटरमधून पुढच्या मीटरमध्ये अशीच गेली पाहिजे. लांब फांदीच्या टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि फ्रेम (एका संदेशाचा डेटा) बिघडते. १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना. सप्लाय बंद करून ए आणि बी या लाइनच्या दोन तारांमध्ये मोजा: साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक रेझिस्टर नाही, ४० आले तर एक जास्त आहे. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, नाहीतर दोन अर्थमधल्या फरकामुळे तिच्यातूनच करंट वाहतो. (व्हीएफडीच्या मोटर केबलला हा नियम लावू नका, तिची शील्ड दोन्हीकडे जोडायची.) ही केबल मोटर केबलच्या ट्रेमधून नेऊ नका.

टाइमआउट १ सेकंद आणि रिट्राय (पुन्हा विचारणं) ३ असेल तर गप्प बसलेला एकच मीटर लाइन ४ सेकंद अडवतो, म्हणजे दर सेकंदाचं वाचन तिथेच कोलमडतं. टाइमआउट ३०० मिलिसेकंद, रिट्राय १ ठेवा आणि वाचन दर ५ सेकंदांनी करा. वीजवापरासाठी तेवढं भरपूर आहे.

उत्तर २
शून्य व्होल्टेज म्हणजे बहुधा वर्ड ऑर्डर (आकड्याच्या दोन भागांचा क्रम) उलटा. २३०.० हा फ्लोट (दशांश आकडा) मीटरच्या दोन रजिस्टरमध्ये (आकडा ठेवायच्या जागा) ४३६६ आणि ०००० असा हेक्समध्ये (१६ च्या पायावर) येतो. जागा बदलल्या की आकडा इतका सूक्ष्म होतो की स्क्रीनवर शून्यच दिसतो. गेटवेमध्ये त्या मीटरपुरता वर्ड स्वॅप (दोन भागांची अदलाबदल) करून बघा.

वेळेचा शिक्का सर्व्हरवर नको, मीटर वाचताक्षणी गेटवेवर मारा. गेटवेचं घड्याळ एनटीपीला (नेटवर्कवरून अचूक वेळ देणारी सेवा) जोडा, लिंक नसताना डेटा डिस्कवर साठवा. एमक्यूटीटीच्या क्यूओएस १ मध्ये (संदेश किमान एकदा पोचवायची पातळी) तोच संदेश दोनदा येऊ शकतो, म्हणून डेटाबेसमध्ये मीटर क्रमांक आणि वेळ मिळून युनिक की करा, म्हणजे तीच नोंद दोनदा होणार नाही.

प्रश्नकर्ता
४० ओहम आले. मधल्या एका मीटरचा टर्मिनेशन डिप स्विच (आतला रेझिस्टर जोडणारा छोटा स्विच) ऑन होता. वर्ड स्वॅपने व्होल्टेजही बरोबर आला. फांद्या काढायचं काम बाकी आहे.

उत्तर १
स्विच बंद करून ६० आले का ते बघा. फांद्या काढल्यावर टोकं बदलतील, तेव्हा रेझिस्टर नव्या टोकांवर हलवा आणि पुन्हा मोजा.